सुगरणीचा नर अर्धा खोपा का सोडतो? (शेवटी एक घरचा प्रश्नही हाय)

विहिरीकाठचा (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची विहीर मलप्रभेच्या अलीकडच्या अंगाला, रस्त्यापासून दोन शेतं आत. काठावर एक शिंदी हाय, पाण्याकडं वाकलेली. पाऊस धरला की तिच्यावर सुगरण पक्षी येतात, आज्जाच्या वेळेपासून. यंदा भात लावून झालं आणि माझ्या पायावर कुदळ बसली. बारा दिवस काम बंद. पंप बघायचं निमित्त काढून मी विहिरीवर जाऊन बसायचो. घरात बसलो तर आई लग्नाचा विषय काढती, हे खरं कारण.

बसल्या बसल्या मोजलं. एकतीस खोपे. त्यातले चौदा पुरे, खाली नळी सोडलेले. बाकी सगळे अर्धेच: वर टोपीसारखं, मधे एक आडवी दांडी, खालून उघडं.

एका नराला मी ओळखायला लागलो. त्याच्या शेपटीचं एक पीस मोडलेलं. तो आमच्याच भाताच्या पातीला कडेला चोच मारायचा आणि पात धरून तसाच वर उडायचा, की लांब पट्टी फाटून हातात... म्हणजे चोचीत. आमचंच भात, तक्रार कुणाकडं करू! माद्या आल्या की सगळे नर खोप्याला लोंबकळून पंख फडफडवतात. कलकलाट असा, की बेळगावच्या स्टँडावर खानापूर गाडी लागली वाटावं.

मोडक्या शेपटीवाल्याकडं एक मादी तीनदा आली. आत शिरली, दोन-चार धागे ओढून बघितले, दांडीवर बसली, गेली. चौथ्या दिवशी त्यानं तो खोपा तसाच सोडला आणि हातभर लांब दुसरा चालू केला. आता मी काय विणकर नाही, खरं मला त्या खोप्यात काहीच खोट दिसली नाही. वरच्या अंगाला एक खोपा चक्क वाकडा होता, त्यात मादी राहिली.

तर मादी नेमकं बघती काय? आणि अर्धे खोपे म्हणजे नापास झालेले का? नाव सुगरण, बाईचं, आणि राबतोय सगळा गडी, हे बी एक कोडंच.

आता घरचं. माझं वय 34. चार एकर हाय, भात, ऊस, थोडे काजू. सात ठिकाणी बघून आलो. सातही ठिकाणी चहा-पोहे झाले, एका ठिकाणी वर कुंदाही आला. निरोप सगळीकडून एकच: ‘मुलगा चांगला हाय, खरं...’ त्या ‘खरं’च्या पुढचं कोणच सांगत नाही.

उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेला दोस्त म्हणतो, मनाला लावून घेऊ नको, हे निसर्गाचंच हाय. लांडोर पिसारा बघती, पोरगी पगार बघती. हे शास्त्र हाय का नुसती समजूत, तेवढं कोण तर सांगा.

निवृत्त मास्तर (निपाणी)

बारा दिवस एका झाडाखाली बसून मोजणारा माणूस या काळात भेटला, आधी त्याबद्दल शाबासकी घ्या. चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, एवढी टिपणं एकाही वहीत आली नाहीत.

अर्धा खोपा नापास असेलच असं नाही, पण बहुतेक तसंच असतं. खोपा पुरा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात आणि नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. त्यातला टोपीपर्यंतचा टप्पा आठेक दिवसांचा. मादी बघायला येते ती याच टप्प्यावर. पसंत पडलं तर ती राहते, मग नर खालची नळी विणून काम पुरं करतो. पसंत नाही पडलं तर पुढचे दहा दिवस कशाला घालवा? म्हणून तो सोडतो. तुमच्या मोडक्या शेपटीवाल्यानं केलं ते शहाणपणाचं होतं, हार मानण्याचं नव्हे. आणि नळी पुरी झाली की हा गडी पोरं सांभाळायला थांबत नाही. शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसरी मादी येते का बघतो. अंडी उबवायची तिनं, भरवायचंही बहुतेक तिनंच. सलीम अलींनी 1930च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून हे सगळं टिपलं. तोवर लोकांचा समज होता की जोडीनं घर बांधतात. तुमच्या नावाच्या कोड्याचं मूळही तिथंच असावं. आत-बाहेर करताना दिसते मादी, म्हणून घर तिचं, म्हणून नाव तिचं.

आता ती बघते काय. या पक्ष्यावर नंतर जे अभ्यास झाले त्यांत असं दिसलं की विणकामापेक्षा खोपा टांगलाय कुठं, याला ती जास्त महत्त्व देते. उंचावर आहे का, बारीक फांदीच्या टोकाला आहे का. कारण उघड आहे. साप, मांजर, पोरांची काठी. तेव्हा तुमचा वाकडा खोपा वरच्या अंगाला होता, ही ओळ तुम्ही सहज लिहिलीत, पण उत्तर तिच्यातच आहे. पुन्हा विहिरीवर गेलात तर अर्धे किती उंचीवर आणि पुरे किती उंचीवर, एवढं बघून कळवा.

दोस्ताच्या लांडोरीबद्दल. मोराच्या पिसाऱ्यानं डार्विनला खरोखर छळलं. 1860 साली आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्यानं लिहिलं, की मोराचं पीस बघितलं की मला कसंतरी होतं. जगायला उपयोग नाही, उलट उडायला अडचण, मग निसर्गानं हे ठेवलं कसं? 1871 मध्ये त्यानं अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिलं: जगण्याची निवड एक, आणि जोडीदाराकडून होणारी निवड दुसरी. मादीला आवडतं म्हणून पिसारा टिकतो आणि वाढतो. हे वॉलेसला, म्हणजे त्याच्याच बरोबरीनं उत्क्रांती मांडणाऱ्याला, अजिबात पटलं नाही. पक्षिणीला कसली आलीय सौंदर्यदृष्टी, असा त्याचा रोख. पुढं फिशर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ म्हणाला, लेकाला बापाची शेपूट आणि लेकीला आईची आवड मिळते, म्हणून दोन्ही एकमेकांना ओढत पळत सुटतात. 1975 मध्ये झहावी हा इस्रायली शास्त्रज्ञ म्हणाला, एवढं ओझं घेऊनही जो जिवंत आहे तो दणकट असणारच, मादी ते ओझंच बघते.

भांडण मिटवणारा प्रयोग मात्र मोरावर झाला नाही. तो तुमच्या सुगरणीच्या आफ्रिकेतल्या एका लांब शेपटीच्या चुलतभावावर झाला. माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं केनियात काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ते तुकडे दुसऱ्यांच्या शेपटीला चिकटवून त्या आणखी लांब केल्या. लांब केलेल्यांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. 1982चा हा प्रयोग. वर्गात सांगितला की पोरं हसायची, आणि हसली म्हणून लक्षात राहायचा.

मोराचं अजून धड ठरलेलं नाही. इंग्लंडमध्ये पिसाऱ्यावरच्या डोळ्यांची संख्या जास्त तर माद्या जास्त, असं दिसलं होतं. जपानमध्ये सात वर्षं बघितलं, तर तसं काही आढळेना, ते 2008 साली छापून आलं. तेव्हा ज्या लांडोरीच्या जिवावर दोस्त बोलतोय, तिचीच साक्ष डळमळीत आहे.

गावरान (हुक्केरी)

माझ्याकडं दीडशे गावरान कोंबड्या आहेत, त्यामुळं मला या विषयावर बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो.

कोंबडीला लाल, मोठा, ताठ तुरा आवडतो. रानकोंबड्यांवर हे तपासून झालंय. पोटात जंत असलेल्या कोंबड्याचा तुरा फिका आणि लहान राहतो, म्हणजे तुरा बघणं हे त्याची तब्येत बघणंच झालं. आम्हीही बाजारात कोंबडा घेताना तेच बघतो की. तुरा कुठून येतो याचाही जुना किस्सा आहे. 1849 मध्ये जर्मनीत बर्थोल्ड नावाच्या डॉक्टरनं सहा कोवळे कोंबडे घेतले. खच्ची केलेले आरवेनात, भांडेनात, तुरा वाढेना. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवलं ते नेहमीसारखे माजले.

खरं खरी गंमत पुढं आहे. अंगणात दांडगा कोंबडा सगळ्यांवर चढतो, आणि दुबळाही संधी साधून चढतो, कोंबडीला विचारतोय कोण? तर बिनमालकीच्या कोंबड्यांवर 2000 साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की खालच्या पायरीवरचा नर जबरदस्तीनं चढला तर कोंबडी नंतर त्याचं वीर्य बाहेर टाकून देते. म्हणजे पसंती विचारली नाही तरी ती आपली पसंती राखून असते. हे वाचल्यापासून मी खुराड्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. बायको म्हणाली, उशिरा कळलं.

वाघ_बेळगावी

एवढं काय लांबड लावताय. निसर्गात अल्फा नरालाच मादी मिळते. जिमला जा, बुलेट घे, आपोआप ठरतंय बघ.

निवृत्त मास्तर (निपाणी)

वाघा, अल्फा हा शब्द लांडग्यांवरून आला. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांची भांडणं बघून तो बेतला. तो लोकांत पसरवणारं पुस्तक 1970 मध्ये लिहिणारे डेव्हिड मेक यांनीच पुढं जंगलात वर्षानुवर्षं लांडगे बघितले आणि 1999 मध्ये सांगितलं, की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ‘अल्फा’ म्हणजे घरातला बाप. तो बुलेट घेत नाही, ससे आणतो.

वडगावची

मी तुमच्यासारख्याच एकाला नकार दिलेली मुलगी. घाबरू नका, तुम्ही नव्हेत, तो चंदगडकडचा होता. त्यालाही ‘मुलगा चांगला आहे, पण’ असाच निरोप गेला. त्या ‘पण’च्या पुढं काय होतं ते आज लिहिते, कारण त्यालाही ते कुणी सांगितलं नसणार.

त्याच्यात खोट नव्हती. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होता, शेती कळत होती, नजर वर करून बोलला. मी बी.एस्सी. झालेली, शहापुरात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, सकाळी साडेसातला हजर लागतं. त्याच्या घरापासून पहिली बस आठला. घरात नऊ माणसं आणि चूल-गॅस बघणारी एकटी सासू, तिचे गुडघे गेलेले. न्हाणीघर मागच्या अंगणात, पावसात छत्री घेऊन जायचं. ‘नोकरीचं नंतर बघू’ असं त्याच्या काकांनी सांगितलं, त्याने नाही. तो गप्प बसला. मी त्याला नाही म्हटलं नाही. मी त्या साडेसातच्या न मिळणाऱ्या बसला नाही म्हटलं, आणि थोडंसं त्या गप्प बसण्याला.

सरांनी सुगरणीचं सांगितलं ते वाचून मला एकदम आठवलं, की आपण मराठीत मुलाला किंवा मुलीला काय म्हणतो? स्थळ! ‘एक स्थळ आलंय.’ ‘स्थळ चांगलं आहे.’ माणूस म्हणतच नाही. लग्न जमवणाऱ्यांना हे सुगरणीइतकंच आधीपासून माहीत आहे.

आता तुमच्या दोस्ताच्या ‘पोरगी पगार बघते’ला उत्तर. डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये 37 समाजांतल्या दहा हजारांवर लोकांची उत्तरं छापली. बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त वजन दिलं, हे खरं. पुरुषांनी वय आणि रूपाला जास्त दिलं, हेही खरं, पण त्यावर कुणी कट्ट्यावर उसासे टाकत नाही. स्वभाव आणि बुद्धी मात्र दोघांच्याही यादीत वर होती. दहा वर्षांनी दोघींनी तीच आकडेवारी पुन्हा उलगडली. जिथं बाईला शिक्षण, पैसा, अधिकार जास्त, तिथं हा फरक कमी दिसला. म्हणजे निसर्ग आहेच, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही आहे. (आमच्याकडं उतारा म्हणा हवं तर.) माझ्या नावावर एक गुंठाही नसेल तर मी घर बघून पाऊल टाकणार नाही तर काय करणार?

आणि मादी म्हणजे लाजत निवडणारी, नर म्हणजे मिरवणारा, हेही सगळीकडं नसतं. मामाच्या गावच्या तळ्यात कमळपक्षी आहेत. त्यांच्यात मादी मोठी, ती हद्द राखते, दोन-चार नर धरून असते. अंडी घातली की चालली. उबवायचं नरानं, पिल्लं फिरवायची नरानं. तिथं निवडून घ्यायला उभा राहतो तो नर.

शेवटचं, जरा कडू आहे. 2001च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 839 मुली होत्या. सोनोग्राफीचा कायदा 1994चा, तरी हे. त्या वेळची मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत आणि आपल्या सोयरिकी तिकडं-इकडं सगळ्या एकच. पोरी निवड करायला लागल्या म्हणून पोरं मागं राहिली असं सगळे म्हणतात. निवड करणाऱ्या किती जणी जन्मूच दिल्या नाहीत, ते मोजत नाहीत.

पंखेवाला (चिकोडी, कामाला साताऱ्याकडं)

मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो. पक्ष्यांचं मला कळत नाही, खरं सरड्यांचं सांगतो. तिथं गळ्याला पंखा असलेला सरडा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात नर दगडावर चढतो आणि गळ्याखालून निळा-काळा-केशरी पडदा उघडतो-मिटतो. मादी जवळ असली तर थांबतच नाही. या सरड्यांच्या गटाला 2016 मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते आपल्या मराठीतलंच, ‘सरडा’. त्यातल्या एका जातीला डार्विनचं नाव आहे. आमच्या साइटवर अभ्यासाला येणाऱ्या पोरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं माझी फिरकी घेतायत.

त्यांच्यामुळं आणखी एक कळलं. पवनचक्क्यांचे पंखे आहेत तिथं शिकारी पक्षी कमी येतात, म्हणून सरडे जास्त झालेत. आणि तिथल्या नरांचा गळ्याचा रंग फिका आहे. बाजूच्या, पंखे नसलेल्या पठारावरच्यांचा गडद. गर्दीत खाण्यासाठी चुरस वाढते, रंगाला मग उरत नाही, असं ते म्हणाले. आता कंपनीच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत आम्ही सहा जण राहतो, सगळे बिनलग्नाचे. हे ऐकल्यापासून एकमेकांचे गळे बघतो.

विहिरीकाठचा (खानापूर तालुका)

सगळ्यांचे आभार. उत्तर उशिरा देतोय, उसाला पाणी होतं.

सर, मोजून आलो. बांबूला दर हातावर चुन्याची खूण केली आणि शिंदीला टेकवून बघितलं. पाण्यापासून पाच हातांच्या खाली एकही खोपा पुरा नाही, सगळे अर्धे. पुरे चौदाच्या चौदा वरच्या झावळ्यांच्या टोकाला. मोडक्या शेपटीवाल्याचा पहिला खोपा बरोबर कठड्यासमोर, आमची मांजर बसती तिथं. दुसरा त्यानं हातभर लांब बांधला म्हणालो होतो, ते हातभर वरही हाय. त्यात मादी राहिली. काल नळी विणायला लागला.

वडगावच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. मग मध्यस्थ मामांना फोन केला आणि धरूनच बसलो, की ‘खरं’च्या पुढचं सांगा. ते म्हणाले, कशाला उगाच. मी म्हणालो, सांगा. सातपैकी तिघांचं त्यांना माहीत होतं. एका घरी वय जास्त वाटलं. एका पोरीला पुण्यालाच जायचं होतं, तिथं मी बेळगावचा कलेक्टर असतो तरी उपयोग नव्हता. तिसऱ्या ठिकाणी पोरीच्या आईनं विचारलं होतं, पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर बाळंतपणाला गाडी येती का? मामांनी परस्पर ‘येती की’ म्हणून सांगितलं. येत नाही. दोन वर्षांमागं वहिनीला ट्रॅक्टरवरून डांबरीपर्यंत नेलं होतं, ते साऱ्या गावाला माहीत हाय, त्या बाईलाही कळलं असणार.

मला त्या प्रश्नाचा रागच आला नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मी आले तेव्हा मला कोण विचारायला दिलं होतं?

दोस्ताला सरांचं लांडोरीचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग जपानची लांडोर बघती तरी काय? सर, याचं उत्तर असलं तर द्या, तो रोज विचारायलाय.

आणि कुणाला खोपे बघायला यायचं असेल तर सकाळी सातच्या आत या. नऊनंतर मोटार चालू होते, आवाजानं माद्या खालच्या झावळीवर येतच नाहीत. पायात बूट घाला, कठड्याच्या भेगेत एक धामण राहती. काही करत नाही, खरं एकदम दिसली की माणूस विहिरीत जातो.